उसनी झोप

खाली रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरनं भोंगा दिला आणि आतला सूर अडखळला.

मी बाहेर बाकावर बसलो होतो. मधे प्लायवूडची भिंत, आणि पलीकडे मार्था सिस्टरचं सेशन चाललेलं. एरवी सिस्टरच्या कानाला हेडफोन असायचा, बाहेर काही ऐकू यायचं नाही. त्या दिवशी हेडफोनची वायर तुटली म्हणून माझ्या भाचीनं, शाल्मलीनं, कॉम्प्युटरचे स्पीकर लावले होते. सूर यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. पेटीतल्या काळी एकच्या केसभर खाली होता. आता हे मला कुणी विचारलं नव्हतं, पण तंबोरे करणाऱ्याच्या कानाला झाकण नसतं, त्याला मी काय करू? भोंगा वाजला तशी सिस्टर दचकली असणार. सूर तीनदा तुटला, उचकी लागल्यासारखा, आणि मग गप्प झाला. मी सवयीनं मात्रा मोजल्या. अकरा मात्रा शांतता, बाराव्या मात्रेला सूर परत आला आणि लांबलचक चालला.

बरं झालं बिचारीचं, एवढंच तेव्हा माझ्या मनात आलं.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. मी मिरजेचा, जातीचा सुतार, तीन पिढ्या तंबोरे करणाऱ्या घरातला. दुकानात माझ्याखेरीज चार माणसं होती. भोपळा कापणं, दांडी जोडणं, रंग देणं हे सगळे करायचे, पण जवारी मीच लावायचो. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा कानशीनं असा घासावा लागतो की तार नुसती वाजून थांबू नये, गुंजत राहावी. यालाच जवारी म्हणतात. कानशीचा एक हात जास्त पडला की घोडी फुकट जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हे डोळ्यानं होत नाही. कानानं ऐकायचं आणि हातानं थांबायचं.

त्या वर्षी माझी झोप गेली. कारण म्हणाल तर काही नाही. पोरं मार्गी लागलेली, कर्ज नाही, भांडण नाही. रोज दोन-अडीच तास कसाबसा डोळा लागायचा आणि मग आढ्याकडे बघत पडायचं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तर दिवसभर डोकं जड आणि हात दुसऱ्याचा असल्यासारखा. त्या मी सोडल्या. माझी बायको शकू म्हणायची, भुकेला कोंडा अन् निजेला धोंडा, दमला असता तर दगडावर झोपला असता. मी म्हणायचो, बाई, धोंडा देतेस तो ठेव, नीज कुठं मिळते ते सांग. थट्टा चालायची, पण आतून मी घाबरलो होतो. धारवाडच्या एका गायकांची जोडी हातात होती, एकसारखे बोलणारे दोन तंबोरे. त्यांच्या दोन घोड्या मी लागोपाठ बिघडवल्या. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. कारागिरांनी बघून न बघितल्यासारखं केलं, आणि ते मला जास्त लागलं. तिसरी घोडी हातात घ्यायची माझी छाती होईना.

अशात शाल्मली आली. शाल्मली म्हणजे माझ्या अक्काची मुलगी. कवठ्याच्या अलीकडे त्यांचं गाव, तिथं कॉलेज नाही, म्हणून अकरावीपासून एम. ए. होईतो सात वर्षं ती आमच्याकडे राहिली. तिची सायकल मी घेतली, तिच्या परीक्षेच्या दिवशी दुकान बंद ठेवून तिला सांगलीला मी पोचवलं. हे उपकार म्हणून सांगत नाही. मला मुलगी नव्हती आणि तिला बाप असून नसल्यासारखा, त्यामुळं आमचं जमलं. आता ती मानसशास्त्रात पीएच. डी. करत होती. विषय होता निद्रानाश.

"मामा, तुमच्यासारखीच माणसं मला हवीत," ती म्हणाली. "या की."

विश्रामबागेत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर तिला दोन खोल्या मिळाल्या होत्या. तिथं खुर्चीत बसायचं. ती डोक्याच्या मध्यावर केस बाजूला करून पांढरी पेस्ट लावायची आणि तिच्यावर चण्याएवढी चकती चिकटवायची. तिला सेन्सर म्हणायचं. दोन वायरी कानांना. मेंदूत म्हणे विजेच्या लाटा चालतात, काही जलद, काही संथ. अंग स्थिर आणि डोकं निवांत असलं की एका ठरावीक लयीच्या लाटा येतात, सेकंदाला बारा ते पंधरा. ज्यांना झोप नाही त्यांच्यात त्या कमी असतात. त्या लाटा आल्या की यंत्र सूर देतं, गेल्या की सूर बंद. मेंदू त्या सुराच्या मागं जायला शिकतो आणि हळूहळू आपणहून तसा चालतो. आठवड्यातून दोनदा, अशी वीस सेशन्स. मला हे सांगितल्या सांगितल्या पटलं. घोडी घासताना मी तरी दुसरं काय करतो? तार बोलली की बरोबर, मुकी झाली की थांब.

चार पानांचा एक फॉर्म होता. मी चष्मा शोधायला लागलो तर ती म्हणाली, "नेहमीचं असतं मामा, करा सही." मी केली. तिच्या कॉलेजच्या एकाही कागदावर सात वर्षं मी न वाचता सही केली नव्हती, या कागदावर केली.

शिवाय एक वही होती. रोज सकाळी लिहायचं, रात्री किती तास झोपलो. आणि इथं माझंही एक पाप आहे, ते आधीच सांगून टाकतो. पहिले दोन आठवडे मी वहीत तास-दीड तास वाढवून लिहीत होतो. पोर सुकली होती. तिचे गाइड कडक, पाच माणसं सेशन्स अर्धवट टाकून गेलेली, त्यानं ती रडकुंडीला आलेली. अडीचच्या जागी चार लिहिले की तिचा चेहरा उजळेल असं मला वाटायचं. तिला काय हवंय तेच मला ठाऊक नव्हतं, ही पुढची गोष्ट.

पण तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी उठलो तेव्हा शकूची दाराशी रांगोळीसुद्धा काढून झाली होती. सहा तास. मी अंथरुणात बसून राहिलो, रडू आलं. मग तो जणू पायंडाच पडला. मधे एखादी रात्र कोरडी जायची, पण पाच तास, सहा तास, एकदा तर सात. वाढवून लिहायची गरजच उरली नाही. हात परत माझा झाला. तिसरी घोडी मी घेतली आणि धारवाडकरांच्या जोडीतला पहिला तंबोरा असा बोलला की चौघे कारागीर हातातली कामं ठेवून उभे राहिले.

त्याच सुमाराला एकदा मी खुर्चीत बसल्या बसल्या शाल्मलीला विचारलं होतं, "बाळ, हा सूर माझाच ना गं? माझ्याच डोक्यातला?" ती पेस्ट लावत होती. म्हणाली, "तुमचाच की मामा. दुसऱ्या कुणाचा असणार?" मला फार अभिमान वाटला होता. जन्मभर लोकांच्या तंबोऱ्यांत सूर भरले, आपल्या डोक्यातही एक आहे म्हणायचा.

तर त्या भोंग्याच्या दिवशी, बाराव्या सेशनला, सिस्टर आटोपून बाहेर आल्या. मार्था सिस्टर म्हणजे नर्स म्हणून जन्मभर नाइट ड्यूट्या करून निवृत्त झालेली बाई. झोपेच्या वेळा मोडल्या त्या मोडल्या, असं त्या सांगायच्या. आम्ही एकाच दिवशी सुरुवात केली होती. त्यांची वेळ दहाची, माझी अकराची. मला म्हणाल्या, "जावा मिस्त्री, तुमचा नंबर," आणि रिक्षा बघायला खाली गेल्या.

मी खुर्चीत बसलो. सेन्सर लागला. हेडफोन नसल्यानं माझ्यासाठीही स्पीकरच. शाल्मली यंत्र चालू करून हेडफोनच्या वायरीचं बघायला पलीकडच्या खोलीत गेली. सूर सुरू झाला. मी डोळे मिटले.

आणि साधारण अर्ध्या वाटेवर सूर तीनदा तुटला. तुटक तुटक, उचकी लागल्यासारखा. मग गप्प.

मी डोळे उघडले. खाली ट्रॅक्टर नव्हता, भोंगा नव्हता, काही नव्हतं. मी मात्रा मोजायला लागलो, पण खरं तर मोजायच्या आधीच मला कळलं होतं. अकरा झाल्या. बाराव्या मात्रेला सूर आला आणि लांबलचक चालला.

कानाचा भास असेल म्हणून मी पुढचं ऐकलं. पुढंही तेच. बाहेर बसून ऐकलेलं सगळं, जिथल्या तिथं. मग मी हात वर केला आणि डोक्यावरचा सेन्सर उपटून काढला. मांडीवर ठेवला. सूर चालूच. मी धारवाडच्या बिघडलेल्या घोड्या आठवल्या, मेलेल्या बापाला आठवलं, शेजाऱ्याला मनात शिव्या घातल्या. यंत्र मला शाबासकी देत राहिलं.

शाल्मली आत आली. सेन्सर मांडीवर बघून तिला वाटलं निसटला. "अय्या, कधी निघाला? पण छान झालं मामा आज," ती म्हणाली.

"दहा मिनिटं झाली," मी म्हणालो. "माझ्या डोक्याला काही नाही. हा सिस्टरचा सूर आहे."

तिनं सेन्सर उचलला. यंत्र बंद केलं. मग म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं?"

बघा, आधी हे विचारलं. मी तिला म्हणालो, तू सांग. तिनं कपाटातून माझा फॉर्म काढला, तिसऱ्या पानावर बोट ठेवलं आणि वाचून दाखवलं. काही सहभागींना प्रत्यक्ष प्रतिसादाऐवजी पूर्वमुद्रित प्रतिसाद दिला जाऊ शकतो. खाली माझी सही होती.

"पूर्वमुद्रित म्हणजे?"

"म्हणजे दुसऱ्याचा, मामा. आधी जो बसतो त्याचा आवाज साठवायचा आणि तुम्हाला लावायचा. अर्ध्या लोकांना खरा, अर्ध्यांना खोटा. त्याशिवाय कसं कळणार की यंत्रानंच झोप येते?"

हे मला पटलं. खोटं कशाला बोलू, त्या रागातही पटलं. नव्या लाकडाची पारख करताना जुनं शेजारी ठेवावंच लागतं. मी विचारलं, मग कुणाला काय द्यायचं हे कसं ठरवतात? ती म्हणाली, चिठ्ठ्या टाकून. मी म्हणालो, बरं, माझी चिठ्ठी खोटी निघाली, नशीब माझं. तिथं तिनं हो म्हटलं असतं तर मी घरी गेलो असतो आणि चार दिवसांत विसरलो असतो. पण तिनं मान खाली घातली.

"तुमची चिठ्ठी टाकली नाही मी," ती म्हणाली. "खोट्या गटातली माणसं टिकत नाहीत, मामा. फरक पडत नाही आणि तीन-चार आठवड्यांत यायची बंद होतात. गेलेले पाचही त्यातलेच. मला शेवटपर्यंत येणारं माणूस हवं होतं. तुम्ही मला सोडून जाणार नाही, एवढं एकच मला नक्की माहीत होतं."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच असावं. परक्याला तिनं चिठ्ठी दिली. मी घरचा, म्हणून माझ्या वाट्याला तीही नाही. आणि मी तिला विचारलं होतं, तोंडावर विचारलं होतं, सूर माझाच ना म्हणून.

पण त्याहून मोठी गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि मी ती आशेनं बोललो. "पण मी झोपलो ना गं. खोटा तर खोटा, मला झोप आली. तेवीस रात्री."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण हट्टी म्हाताऱ्याकडे बघतो. "मामा, मामींनी मला सांगितलंय. पहिल्या आठवड्यांत तुम्ही रात्रभर अंगणात फिरत होता आणि वहीत चार तास लिहिलेत."

"ते पहिले दोन आठवडे. तुझ्यासाठी लिहिलं. त्यानंतरचं सगळं खरं आहे."

"माझ्यासाठीच लिहिताय अजून," ती म्हणाली, अगदी मायेनं. "त्यानं माझं नुकसान होतंय. खोट्या गटातलं माणूस सहा-सहा तास झोपायला लागलं तर सर मला उभं करणार नाहीत. अशानं झोप येत नाही, मामा. शक्य नाही ते."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिच्यावर हात उचलीन की काय अशी मला भीती वाटली, म्हणून मी उठून बाहेर आलो. फसवलं तर फसवलं, पण माझी झोपच ती मोडीत काढायला निघाली होती.

खाली दवाखान्याच्या पायरीवर मार्था सिस्टर अजून रिक्षाची वाट बघत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "मिस्त्री, खरं सांगते, चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी पहाटेची प्रार्थना चुकवली. झोपून राहिले. देव रागावणार नाही ना?" त्यांचा चेहरा लहान पोरीसारखा झाला होता. ज्या बाईच्या निवांतपणावर मी सहा आठवडे पाठ टेकली होती, ती समोर बसली होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. मी म्हणालो, नाही रागावणार, झोपा. रिक्षा आली तेव्हा त्यांची पिशवी मी उचलून दिली.

घरी येऊन शकूला सगळं सांगितलं. अंगणातल्या फेऱ्यांचं आपण बोलायला नको होतं, म्हणाली. मग म्हणाली, आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला दाखवणार? पुन्हा जाऊ नका म्हणजे झालं.

पण मी गेलो. उरलेली आठही सेशन्स केली. लोकांना वाटेल भाचीच्या मायेनं. शाल्मलीलाही तसंच वाटलं, तिनं माझे पाय धरले. खरं कारण वेगळं होतं. त्या बाराव्या सेशनच्या दिवसापासून माझा डोळा लागला नव्हता. मला वाटलं, कळलं म्हणून काय झालं, सूर तर तोच आहे. खुर्ची तीच, पेस्ट तीच, सिस्टर तशाच निवांत. पुन्हा ऐकत बसलो तर पुन्हा येईल झोप. मी भिकाऱ्यासारखा जाऊन बसत होतो. नवा हेडफोन आला होता. सूर कानात सुरू झाला की मी डोळे मिटायचो आणि माझा कान आपसूक मोजायला लागायचा, आता सिस्टरनं श्वास सोडला, आता त्यांना काहीतरी आठवलं, आता पुन्हा शांत झाल्या. दुसऱ्याच्या घरात खिडकीतून बघितल्यासारखं वाटायचं. आठ सेशन्स मी त्या बाईची शांतता ऐकली आणि एक रात्र झोपलो नाही.

वहीत मी खरं ते लिहिलं. अडीच. दोन. अडीच. तीन. दोन. शाल्मली दर मंगळवारी वही बघायची आणि तिच्या कपाळावरची आठी कमी होत जायची. मला ते दिसत होतं.

धारवाडकरांचा दुसरा तंबोरा माझ्याच्यानं झाला नाही. चार घोड्या गेल्या. शेवटी कानस मी बाजूच्या दुकानातल्या दस्तगीरच्या हातात दिली. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण कान चांगला. त्यानं जोडी पुरी केली. त्यानंतर आमच्या दुकानात जवारी तोच लावतो. मी भोपळे निवडतो, गिऱ्हाइकाशी बोलतो.

दोन वर्षांनी शाल्मली डॉक्टर झाली. पेढे घेऊन आली, सोबत तो जाडजूड बांधलेला प्रबंध. अक्का होती, शकू होती. पोर आनंदानं नुसती फुलली होती, आणि खरं सांगतो, मलाही बरं वाटत होतं. सात वर्षं वाढवलेली पोर. तिनं एक पान उघडून माझ्यापुढं धरलं. त्यावर दोन रेघा होत्या. खऱ्या सुराची रेघ वर चढत गेलेली. खोट्या सुराची मधे थोडी फुगून पुन्हा खाली, होती तिथं आलेली.

"ही बघा मामा," ती म्हणाली, "खोट्या आवाजानं झोप येत नाही, हे शेवटी सिद्ध झालं. मधले तुमचे आकडे फुगलेले होते, ते मी तसं खाली नोंदवलंय. पण नंतर तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत म्हणून वाचले बघा मी."

मी चष्मा लावला आणि पानाखालची ती बारीक अक्षरांतली ओळ वाचली. या वेळी वाचली. एका सहभागीनं आत्मीयतेपोटी सुरुवातीच्या सहा आठवड्यांत झोपेचे तास वाढवून लिहिले, असं तिथं होतं. सहा आठवड्यांत.

शकूनं माझ्या हातावर पेढा ठेवला. मी खाल्ला, शाल्मलीच्या डोक्यावर हात ठेवला, मोठी हो म्हणालो. त्या तेवीस रात्री मी खरंच झोपलो होतो. पण नव्हतो झोपलो, असं आता छापून आलं होतं.